पांगरदऱ्याचे तीन अंश

ऊन किती आहे हे ठरवण्याचा अधिकार माणसाच्या कातडीकडून काढून घेतला गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तो अधिकार उपग्रहांकडे होता. उन्हाळ्यात सकाळपासून एकामागून एक उपग्रह देशावरून सरकत जात, खालच्या जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता मोजत, आणि एखाद्या ठिकाणची जमीन एकसष्ट अंशांवर गेली की तिथल्या प्रत्येक मुकादमाच्या कमरेचं यंत्र कर्कश ओरडू लागे. मग काम थांबायचं. खडीची पाटी, थापी, सौरपट्ट्या पुसायचा फडका, जे हातात असेल ते टाकून माणसांनी सावलीत जायचं, आणि तेवढ्या वेळाची मजुरी कापायची नाही. या सक्तीच्या विश्रांतीला कायद्यात 'तप्तविराम' असं भारदस्त नाव होतं. मजूर तिला सरळ 'इराम' म्हणत.

मालक मंडळींच्या डोळ्यांत हा कायदा पहिल्या दिवसापासून खुपत होता. डॉक्टरांच्या समितीने मर्यादा अठ्ठावन्न अंशांची सुचवली होती. जमीन त्यापुढे तापली की तिच्यावर वाकून काम करणाऱ्याचं शरीर कितीही घाम गाळून थंड राहू शकत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहून दिलं होतं. मग शिष्टमंडळं आली, चहापाणी झालं, आणि अठ्ठावन्नचे एकसष्ट झाले. तरीही विराम इतक्या वेळा वाजू लागला की मालक कोर्टात गेले. उपग्रह आकडे फुगवून सांगतात, अशी त्यांची तक्रार होती. जमिनीचं तापमान घरबसल्या कोण मोजतो? न्यायालयाने तक्रार फेटाळली आणि उपग्रहाची साक्ष अंतिम ठरवली. मालक धडधडीत खोटं बोलतायत याविषयी देशात कुणालाच शंका नव्हती, आणि डॉ. ऋजुता हुपरीकरला तर मुळीच नव्हती.

ऋजुता ते उपग्रह चालवणाऱ्या संस्थेच्या अंशशोधन विभागात होती. अंशशोधन हा शब्द ऐकून नातेवाईक विषय बदलत, पण गोष्ट साधी होती. दुकानदाराचा तराजू जसा अधूनमधून सरकारी वजनाशी ताडून बघावा लागतो, तसेच उपग्रहाचे डोळेही ताडून बघावे लागतात. हे डोळे अवरक्त किरण टिपतात, म्हणजे आपल्याला न दिसणारा, गरम वस्तूतून निघणारा उजेड. एका उपग्रहात असे हजारो बारीक डोळे शेजारी शेजारी बसवलेले असतात. वर्षानुवर्षं अवकाशात राहून कुणी थोडं जास्त बघू लागतो, कुणी थोडं कमी, आणि चित्रावर रेघोट्या उमटतात. त्या सगळ्यांना एका ओळीत आणायचं, तर खात्रीचं वजन हवं.

अशी वजनं दोन होती. एक उपग्रहाच्या पोटातच बसवलेली काळी पाटी. तिचं तापमान ठाऊक असायचं आणि उपग्रह मधूनमधून तिच्याकडे बघून स्वतःला तपासायचा. दुसरं वजन जमिनीवर होतं. बालाघाटाच्या डोंगररांगेत पांगरदरा नावाच्या गावाबाहेर शाळेच्या मैदानाएवढी सपाट मुरमाड जागा राखून ठेवली होती, तिला 'संदर्भभूमी' म्हणत. मधोमध यंत्रं लावलेली. सकाळी उपग्रह डोक्यावर आला की यंत्र जमिनीचं तापमान सांगे, उपग्रह आपलं सांगे, आणि दोन्ही ताडून बघत. देशात अशी मान्यताप्राप्त जागा ही एकच. दुसरी करायचा प्रस्ताव कुठल्यातरी टेबलावर मुक्कामाला होता.

पाटी आणि जमीन यांचं जुळलं नाही, तर जमिनीवर विश्वास ठेवायचा, असा नियम होता. वर जाऊन पाटी कोण तपासणार? आणि त्यांचं कधीच जुळत नसे. पाटीप्रमाणे सत्तेचाळीस, तर जमिनीप्रमाणे पन्नास. प्रत्येक उपग्रह तीनच्या आसपास कमी सांगायचा. विभागाचे संचालक नेर्लेकर यांनी तरुणपणी यावर शोधनिबंध लिहिला होता. अवकाशात काळ्या पाट्या लवकर म्हाताऱ्या होतात, असा त्याचा निष्कर्ष. तेव्हापासून प्रत्येक उपग्रहाच्या आकड्यात तीन अंश मिळवत, आणि त्या तीन अंशांना 'नेर्लेकर सुधारणा' म्हणत. नेर्लेकरांचं नाव झालं ते त्यावरच.

या सुखी संसारात बिब्बा घातला तो नव्या उपग्रहाने. तो माणसाएवढी वस्तूही ओळखू शकणारा होता, आणि त्याच्या पाटीत गॅलियम धातूची कुपी होती. गॅलियम तीस अंशांच्या जरासा खालीच वितळतो, आणि वितळत असताना त्याचं तापमान रेसभरही हलत नाही. म्हणजे या पाटीला म्हातारपण येणं शक्यच नव्हतं. तरी पहिल्याच दिवशी तिनेही तीन अंश कमी दाखवले.

"जन्मतःच म्हातारी कशी झाली ही?" नेर्लेकरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडी भीती होती. "तू पांगरदऱ्याला जाऊन ये. यंत्रं स्वतः उघडून बघ."

संस्थेची माणसं पांगरदऱ्याला नेहमी उपग्रह यायच्या तासभर आधी, बऱ्यापैकी ऊन चढल्यावर पोचायची. तोवर जागा झाडून तयार असे. ऋजुता मात्र उजाडतानाच पोचली, कारण तिला यंत्रं उघडायची होती. मैदानात चार बायका होत्या. वाळलेलं गवत, शेळ्यांच्या लेंड्या, वाऱ्याने आलेला पाचोळा, सगळं झाडून त्यांनी कडेला लावलं होतं. त्यांची म्होरकी साठीची होती, कोमल सरवदे. तिच्या पिढीत गावोगावी कोमल, पूजा अशी नावं ठेवायची लाट आली होती. आता त्या सगळ्या राकट हातांच्या मावश्या झाल्या होत्या. कोमलमावशींच्या हातात पाण्याची नळी होती आणि त्या मन लावून सगळ्या मैदानावर पाणी शिंपत होत्या.

ऋजुता जागच्या जागी थांबली. "मावशी, हे काय करताय?"

"सडा टाकायलाव की," कोमलमावशी म्हणाल्या. असा प्रश्न विचारणाऱ्या बाईकडे त्यांनी जरा काळजीनेच बघितलं.

"पण सडा टाकायला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्येच्यात? झाडलं की सडा टाकायचाच. झाडून कोरडं ठिवायला काय सुतक पडलंय? तुमचे सायेब पयल्यांदा आले तवाच म्हनले व्हते, जागा एकदम सोच्छ पायजे, वरनं बघनार हायेत. आता कुनी बघायला येनार म्हनल्यावर निस्तं झाडून भागतंय व्हय?"

"आणि यंत्रं?"

"त्येच्यावर थेंब पडू देत न्हाई. सायबानं बजावून सांगितलंय. त्येच्या भवतीनं येवढं," त्यांनी हात पसरून गोल दाखवला, "कोरडंच ठिवतो."

ऋजुता त्या कोरड्या गोलाच्या काठावर उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. मग ते हसू मावळलं. माठ पाझरतो म्हणून माठातलं पाणी गार होतं. पाण्याची वाफ होताना ती उष्णता सोबत घेऊन जाते. ओला मुरूम दोन तासांत वरून कोरडाठाक दिसू लागतो, पण आतला ओलावा वर येत राहतो आणि जमीन थंड ठेवतो. यंत्रं आपल्या कोरड्या गोलात बसून पन्नास मोजत होती. उपग्रहाला दिसत होतं ते सगळं मैदान, आणि ते सत्तेचाळीसच होतं. पाट्या म्हाताऱ्या झाल्याच नव्हत्या. उपग्रह पहिल्यापासून खरं बोलत होते, आणि एवढ्या विद्वानांनी मिळून त्यांना तीन अंश खोटं बोलायला शिकवलं होतं.

तिने कोमलमावशींना हे समजावून सांगितलं. त्या गाऱ्याने माखलेले पाय एकमेकांवर घासत ऐकत होत्या.

"म्हंजी आमच्या सड्यानं ऊन जास्ती दिसतंय?"

"हो. इथं नाही फक्त. सगळ्या देशात."

"किती?"

"तीन अंश."

कोमलमावशींनी नळ बंद केला. "म्हंजी तुमचं एकसष्ट म्हंजी खरं अठ्ठावन्न. इराम तवाच वाजतोय."

"हो."

"मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. मग त्या जवळ आल्या. "मॅडम, माजा नवरा हिरीच्या कामावर मेला. उनानं. तवा इराम नव्हता. आता पोरगं परमुलखात हाय, आन सून हिकडं हायवेवर खडी टाकायला जाती. आरोही तिचं नाव. दोन वर्साची पोरगी हाय तिला. रोज दुपारी यंत्र वाजतं, मग समदे टँकरखाली जाऊन बसत्यात. तुमी हे कुनाला सांगू नगा. आमी सडा टाकतो, तुमी मोजा. कुनाचं काय बिगडलं?"

दुसऱ्या दिवशी ऋजुताने सडा टाकू दिला नाही. उपग्रह आला, गॅलियमची पाटी आणि पांगरदऱ्याची जमीन यांचे आकडे इतके तंतोतंत जुळले, की तसं जुळलेलं तिने नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. तिला आनंद झाला. तो झाला याची तिला लाज वाटली, पण आनंद खरा होता.

नेर्लेकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आयुष्यभराचं संशोधन चार बायकांच्या सड्यात वाहून गेलं होतं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं, पण ते फक्त थकलेले दिसले.

"दुरुस्ती करायची म्हणजे माझं नाव पुसायचं," ते म्हणाले. "ते मी सहन करीन. तू काय करणार आहेस ते सांग."

"अहवाल लिहिणार. पण त्यात दोन गोष्टी असतील, सर. तीन अंश काढून टाका, आणि त्याच दिवसापासून कायद्यातली मर्यादा अठ्ठावन्न करा. एक केल्याशिवाय दुसरं करू नका."

"मर्यादा ठरवणं आपलं काम आहे का?"

"नाही. पण आजवर आपणच ठरवत होतो, सर. चुकून का होईना."

"म्हणूनच आता मर्यादेला हात लावायचा नाही," नेर्लेकर म्हणाले. "मर्यादा बदलेपर्यंत हे लपवून ठेवलं आणि उद्या मालकांच्या एखाद्या हुशार इंजिनिअरनं शोधून काढलं, तर उपग्रहाची साक्ष कुठल्याच कोर्टात टिकणार नाही. मग अठ्ठावन्नही गेलं आणि एकसष्टही गेलं. आपण तापमान द्यायचं. खरं द्यायचं. पुढचं ज्याचं त्याने बघावं."

त्यांचं म्हणणं खोडून काढता येईना, आणि तोच सगळा घोळ होता. नेर्लेकरांनी अहवालातला दुसरा परिच्छेद काढला. ऋजुताने तो वेगळ्या पत्रात घालून मंत्रालयाला पाठवला, आणि अहवालावर सही केली. सही करताना आपण सत्याच्या बाजूने आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. या दुरुस्तीला आता हुपरीकरांचं नाव लागणार, हेही तिच्या मनात होतं. ते तिने स्वतःला सांगितलं नाही.

उपग्रह दुरुस्त करायला एक आज्ञा पुरते. कायदा दुरुस्त करायला समिती लागते. मंत्रालयाने समिती नेमली आणि तिला मुदतवाढही लगोलग दिली.

दरम्यान चित्रं फार सुंदर येऊ लागली. खोट्या वजनाशी जुळवता जुळवता वेडेवाकडे झालेले हजारो डोळे आता एका ओळीत आले, रेघोट्या गेल्या. नव्या उपग्रहाच्या आणि त्याच्या मागोमाग सोडलेल्या त्याच्या भावंडांच्या चित्रांत तर रस्त्याच्या कडेचं एकेक झाड वेगळं दिसू लागलं. एकसारखी जमीन आता एकसारखीच दिसे, तिच्यावर एक डाग नसे. ही चाचणी ऋजुतानेच लिहिली होती: सपाट जमिनीवर डाग दिसला नाही की संगणक चित्रावर 'निर्दोष' असा शिक्का मारी. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. मालकांच्या संघटनेने संस्थेत पेढे पाठवले, आणि ते संपलेही. तप्तविराम आता क्वचितच वाजायचा, आणि वाजला तर उशिरा. पांगरदऱ्याची पाण्याची नळी काढून घेण्यात आली. कोमलमावशींची नोकरी मात्र ऋजुताने भांडून टिकवली, आणि आपण त्या बाईचं काही देणं लागत नाही, असं तिला त्यानंतर वाटू लागलं.

वैशाखात एका संध्याकाळी ऋजुताचा फोन वाजला.

"मॅडम, म्या कोमल बोलते. पांगरदऱ्याची." मागे लहान मूल रडत होतं. "आरोही घरला आली न्हाई."

"म्हणजे? कामावर गेली होती ना?"

"गेल्ती. बाकीच्या आल्या. ठेकेदार म्हनतोय, दुपारीच काम टाकून न सांगता गेली. पळून गेली म्हनतोय. आता हे लेकरू टाकून कुटं पळंल ती? पोलिसात गेलो, तर त्यांनी तुमचाच फोटो काढून बघितला. दोनच्या म्होरं ठेकेदाराच्या मान्सांबिगर तिथं कुनीच न्हाई म्हनले. फोटो कोर्टात चालतोय म्हनले. मॅडम, तुमी एकदा बघा. तुमाला त्यातलं कळतंय."

ऋजुताने संगणकावर त्या रस्त्याची दुपारची चित्रं उघडली. पाव-पाव तासाला एक होतं. या चित्रांत गरम वस्तू पांढरी दिसते आणि थंड वस्तू काळी. डांबर, खडी, कडेचा माळ, सगळं रखरखीत पांढरं होतं. कोपऱ्यात जमिनीचं तापमान लिहिलेलं होतं: साठ. तिने मनात त्यात तीन मिळवले: त्रेसष्ट, म्हणजे जुन्या हिशेबाने यंत्र केव्हाच वाजलं असतं.

त्या पांढऱ्यावर काळे ठिपके होते. ती माणसं होती. भाजणाऱ्या जमिनीवर जिवंत माणूस हीच थंड वस्तू असते. तो घाम गाळतो, घामाची वाफ होते, आणि त्याची कातडी जमिनीपेक्षा वीस-बावीस अंशांनी थंड राहते. म्हणून तो वरून दिसतो. एकच्या चित्रात एक ठिपका घोळक्यातून बाजूला झाला होता आणि खडीच्या ढिगामागे गेला होता. सावली शोधत गेला असावा, पण त्या वेळी ढिगाला सावली नव्हती. पुढच्या चित्रात तो तिथेच होता. त्यानंतरच्या चित्रात तो काळा राहिला नव्हता, करडा झाला होता.

घाम थांबला होता. ऋजुताला याचा अर्थ ठाऊक होता. डॉक्टरांच्या समितीने तो लिहूनच ठेवला होता. घाम थांबला तरी माणूस लगेच मरत नाही. कुणी पाणी ओतलं, उचलून टँकरखाली नेलं, तर तो वाचतो. बाकीचे ठिपके ढिगाच्या अलीकडेच खडी टाकत होते, कारण यंत्र वाजलं नव्हतं. पुढच्या चित्रात करडा रंग आणखी उजळ होता. दोननंतरच्या चित्रात ढिगामागे काही नव्हतं. आजूबाजूला होता तसाच स्वच्छ, सारखा पांढरा रंग होता, आणि चित्रावर 'निर्दोष' असा शिक्का होता.

"दिसली का, मॅडम?" कोमलमावशींनी विचारलं.

"मावशी, ती कुठं गेली नाही. कामाच्या जागी खडीचा मोठा ढीग आहे, रस्त्याच्या खालच्या अंगाला. त्याच्या मागं जा. डॉक्टरला घेऊन जा."

"पन पोलिस म्हनले, फोटोत तिथं कुनी न्हाई. फोटो चुकलाय का?"

"नाही," ऋजुता म्हणाली. "फोटो बरोबर आहे."

"मग दिसत कशी न्हाई ती?"

काहीतरी दुसरं सांगावं असं तिला फार वाटलं. पण ती खरं सांगायला बांधलेली बाई होती, आणि तिला दुसरं काही येतही नव्हतं.

"ती जमिनीइतकी तापलीय, मावशी. म्हणून."

फोन चालूच होता. मग कोमलमावशी कुणाला तरी बॅटरी घ्यायला सांगत असलेल्या ऐकू आल्या, आणि लेकराला शेजारी ठेवून ये म्हणाल्या.